कान फुटला म्हणजे

एप्रिल लागला की आमच्या भागातल्या पोहण्याच्या तलावाचं फाटक उघडतं, आणि माझ्या लेखी सोलापूरचा उन्हाळा त्या दिवशी सुरू होतो. ऊन त्याआधी महिनाभर भाजत असतंच, ते सोडा. सकाळी सातची मुलींची बॅच आठला सुटते. ओल्या वेण्या पाठीवर आपटत, लाल डोळ्यांनी, अंगाला क्लोरीनचा वास घेऊन पोरी बाहेर येतात आणि प्रत्येकीला भूक लागलेली असते. बाकीच्या आया डबे उघडून उभ्या असतात. मी पंचा घेऊन उभी असते. गार्गी, माझी बारा वर्षांची लेक, समोर येते आणि काही न सांगता मान डावीकडे कलती करते. मी तिच्या कानाची पाळी हळूच मागे ओढते, आतलं पाणी ओघळू देते आणि बाहेरच्या वाटीत साचलेलं पंच्याच्या टोकानं टिपून घेते. मग उजवी बाजू. बोट आत जात नाही. काडी, पिन, कापूस लावलेली कांडी, काहीच आत जात नाही.

"आई, सगळ्या बघतायत," गार्गी म्हणते.

"बघू देत. त्यांनाही कान आहेत."

माझ्या पाठीमागे त्या मला 'कानवाली मॅडम' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मी शाळेत मराठी शिकवते, वीस वर्षं शिकवतेय, त्यामुळे पाठीमागच्या नावांची मला सवय आहे. सर्दी झालेली पोर दिसली की मी तिच्या आईला सांगते, आज पाण्यात सोडू नका, निदान बुडी तरी मारू देऊ नका. कान खाजतोय म्हणणारी दिसली की कानासमोरचा छोटा उंचवटा हळूच दाबून बघायला सांगते. तिथं दाबल्यावर दुखलं तर तलाव बंद, डॉक्टर सुरू. कुणी विचारलेलं नसतं तरी सांगते. इतकं आगाऊपण माझ्या स्वभावात पूर्वी नव्हतं.

यंदा दुसऱ्याच आठवड्यात श्रीलताच्या मुलीचा कान खाजायला लागला. श्रीलता माझ्या शेजारीच उभी असते. तिच्या सासऱ्यांचे टॉवेलचे माग आहेत आणि घरात सगळे तेलुगू बोलतात. पोर कानात करंगळी घालून हलवत होती. श्रीलतानं आपल्या केसांतली पिन काढली, दातांनी तिचं टोक फाकवलं आणि पोरीची मान धरली. मी तिचा हात पकडला. तेवढ्यात तिच्या सासूबाई तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. त्यातला 'नूने' एवढा एक शब्द मला कळला. नूने म्हणजे तेल.

"तेल घालायचं नाही," मी ओरडले. इतक्या मोठ्यानं की फाटकावरचा राखणदार खुर्चीतून उठून आला.

"क्या हुआ मॅडम, साप निकला क्या?"

सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. मग आवाज खाली आणून श्रीलताला समजावलं. कानात ओल राहिली, वर आपण टोकरलं, की आतली कातडी सोलवटते. तिथं जंतू धरतात, कधी बुरशी धरते, आणि तेलानं त्या बुरशीला आयतं अंथरूण मिळतं. डॉक्टर आधी कान साफ करून घेतील, मग थेंब देतील. ते सांगतील तितके दिवस पाणी बंद. पोहणं कुठं पळून जात नाही.

"तुम्हाला एवढं कसं माहीत हो?" श्रीलतानं विचारलं.

"वाचलंय कुठंतरी," मी म्हटलं. खोटं बोलले. मी कुठं वाचलेलं नाही.

घरी येताना स्कूटीवर मागे बसलेली गार्गी गाणं गुणगुणत होती. रस्त्याला त्या वेळीही ऊन लागत होतं. माझ्या नाकात मात्र विहिरीचा वास भरला होता. शेवाळाचा, ओल्या दगडाचा, खोल पाण्याचा वास. क्लोरीनमधून तो मला कसा येतो, कुणास ठाऊक. दर एप्रिलला येतो आणि पाऊस पडेपर्यंत जात नाही.

आमचं गाव मोडनिंबच्या अलीकडे. उजनीचा कालवा जवळून गेलाय, त्याच्या पाझरानं आमच्या विहिरीला उन्हाळ्यातही चार परस पाणी असायचं. परस म्हणजे उभ्या माणसानं हात वर केल्यावर होते तेवढी उंची. चार माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी केली तरी बुडावीत इतकं ते पाणी. सगळ्या गावाची पोरं आमच्याकडे पोहायला यायची आणि त्यांना शिकवायचा माझा थोरला भाऊ, अण्णा. पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं, एवढीच त्याची पद्धत. ढकललं की त्याच क्षणी स्वतःही मागून उडी घ्यायचा. मी अशीच शिकले. डबा नेमका कुठल्या दिवशी सुटला ते मला कळलंच नाही, कारण मागं अण्णा असायचाच.

विहिरीतून वर आलं की कानात पाणी असायचं. आपलाच आवाज आपल्याला घागरीत बोलल्यासारखा ऐकू यायचा. मग उन्हात तापलेला एक गुळगुळीत खडा शोधायचा, तो कानाला लावायचा, मान कलती करायची आणि एका पायावर उड्या मारायच्या. दगडाची ऊब कानात शिरायची आणि एकदम गरम पाण्याची धार मानेवर ओघळायची. तेवढं सुख मला पुढं फार थोड्या गोष्टींत मिळालं. 'कानाला खडा लावणे' हा वाक्प्रचार वर्गात पहिल्यांदा शिकवायची वेळ आली, तेव्हा पुन्हा तसं न करण्याचा निश्चय करणे, असा अर्थ मी फळ्यावर लिहिला आणि मलाच हसू आलं. आम्ही रोज कानाला खडा लावायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच विहिरीत उडी घ्यायचो.

कान दुखायचेही. आमच्या घरात 'कान फुटला' हे वाक्य पाय मुरगळला, गुडघा फुटला यांच्याच रांगेतलं होतं. दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा फुटायचा. दोन दिवस ठणकायचा, पोर रडून जीव नकोसा करायची, मग उशीला पिवळा डाग पडायचा आणि ठणका थांबायचा. आई म्हणायची, "फुटला न्हवं? आता उतार पडंल." गळवाचं तेच, फोडाचं तेच. फुटलं की आतली घाण बाहेर येते आणि माणूस सुटतो. तो हिशेब आम्ही कानालाही लावला होता. फुटतं ते नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही. कानात एक पातळ पडदा असतो आणि फुटतो तो पडदा, फोड नव्हे. शाळेत मी कानाची आकृती काढली होती, नावं दिली होती, बाईंनी वहीवर 'छान' असा शेरा दिला होता. पण त्या आकृतीतला पडदा आणि घरात ठणकणारा कान यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नाही.

आणि कान फुटला की तेल. आमच्याकडं करडईचं. पळीत थोडं तेल, त्यात लसणाची पाकळी, ती काळी होईपर्यंत चुलीवर धरायचं. मग कोमट झालं की आपलं डोकं आईच्या मांडीवर. ती आधी मनगटावर थेंब टाकून बघायची, मग कानात सोडायची. तेल आत उतरताना गुडगुड असा आवाज व्हायचा आणि जग दूर जायचं. आईचा हात केसांत फिरत राहायचा. आम्हाला बरं वाटायचं ते तेलानं की मांडीनं, हे आता कोण सांगणार. आई गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली.

तर हा पाच वर्षांपूर्वीचा उन्हाळा. शाळेचे निकाल लावून मी माहेरी गेले होते, गार्गी सात वर्षांची होती. अण्णा तेव्हा पन्नाशीला आलेला, पण पाण्यात पाहिलं तर तिशीचा वाटावा. शेती होतीच, पण गावात त्याची खरी ओळख बुडी मारणारा म्हणून. विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाला झडप असते, तिला आमच्याकडं सगळे 'फुटबॉल' म्हणतात. त्यात कचरा अडकला की मोटार पाणी ओढत नाही. मग कुणीतरी खाली जाऊन तो मोकळा करायचा. पाच कोसातल्या लोकांनी अण्णाला बोलवायचं आणि अण्णानं जायचं. वर आल्यावर पाइपाला कान लावून तो सांगायचा, पाणी चढतंय की नुसती हवा. चहाशिवाय काही घ्यायचा नाही.

त्याचे नियम ठरलेले होते. खाली जाताना कानात दडे बसायला लागले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान मोकळे करत करत उतरायचं. मोकळे झाले नाहीत तर मुकाट्यानं वर यायचं, जोर करायचा नाही. आणि सर्दी असली की विहिरीला पाय लावायचा नाही. हा शेवटचा नियम तो आम्हा पोरांना इतका घोकून घ्यायचा की आम्ही उन्हाळ्यात शिंका दाबून ठेवायचो.

त्या दिवशी त्याला सर्दी होती. आदल्या संध्याकाळपासून नाक बंद होतं. शेजारच्या रानातला माणूस सकाळीच दारात आला. डाळिंबाला चार दिवस पाणी नव्हतं, मोटार आवाज करत होती आणि पाणी ओढत नव्हती. वैनी, अण्णाची बायको, आतून म्हणाली, "आज नगा जाऊ. नाकातनं बोलताय." अण्णा म्हणाला, "एकच बुडी हाय. आलोच." मी ओट्यावर बसून गार्गीची वेणी घालत होते. मीही त्याला अडवलं नाही. अण्णाला पाण्यात काही होईल असं वाटायला मला जागाच नव्हती.

तो दुपारी परत आला. वैनी तोवर आठवड्याच्या बाजाराला गेलेली. तो भिंतीला धरून आत आला आणि खांबाला टेकून खाली बसला.

"सुमे, कान फुटला बग."

मी आधी हसले, हे मला लख्ख आठवतंय. एवढा बाप्या माणूस आणि कान फुटला म्हणतो, म्हणून हसले.

"दुकतंय?"

"खाली असताना लई दुकलं. मग फट्ट झालं आन् दुकायचंच थांबलं. वर आल्यावर पानी फिरायला लागलं गरगर. पायरीला धरून बसलो जरा येळ."

"थांबलं न्हवं दुकायचं? मग बरं झालं की. आता उतार पडंल." माहेरी गेले की माझी जीभ आपोआप घरची होते. आणि शब्दही आईचेच आले, तिच्याच चालीत.

पुढचं मी कितीदा आठवलंय त्याला गणती नाही. मी उठले. करडईचं तेल घेतलं, लसूण सोलला. अण्णा म्हणाला, "नगं गं, ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, "गप पड." त्याचं डोकं मांडीवर घेतलं. केस अजून ओले होते, त्यांना विहिरीचा वास होता. कानाच्या तोंडाशी रक्ताचा एक बारीक वाळका ओघळ होता, तो मी पदराच्या टोकानं पुसला आणि त्याचा अर्थ मला लागला नाही. मनगटावर थेंब टाकून बघितला. मग सोडलं. तो एकदम आखडला, डोळे गच्च मिटले, म्हणाला, "घशात उतरलं गं." कानात घातलेलं तेल घशात उतरतं म्हणजे मधली भिंत गेलेली आहे, इतकं साधं होतं ते. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. खरं सांगायचं तर मला त्या वेळी फार छान वाटत होतं. आई गेल्यापासून त्या घरात मी पाहुणी झाले होते, त्या दुपारी पहिल्यांदा घरची वाटले. असे तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, वैनी रानात असताना. तिला तेल-बिल पटत नसे, उगाच वाद नको म्हणून.

चौथ्या दिवशी मी सोलापूरला परत आले. अण्णा त्या आठवड्यात विहिरीवर पोरं घेऊन उतरतच होता. फोनवर विचारलं की म्हणायचा, वाहतोय जरा, बरा हाय. मग वास यायला लागला. मग ताप. पंधराव्या दिवशी मी गाडी पाठवून त्याला सोलापूरला आणलं आणि कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर बाई वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी बारीक नळीनं कान आतून ओढून साफ केला. ते चालू असताना अण्णानं खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली. नळीतून आलं त्यात पू होता, काळपट बुरशी होती आणि तेलाचा तवंग होता. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आम्हाला दाखवलं. एवढा मोठा माझा भाऊ आणि आत एवढंसं भगदाड.

"बुडी मारताना फाटलाय पडदा. सर्दीत कान मोकळा होत नाही, बाहेरच्या पाण्याचा दाब बसतो. असा फाटलेला पडदा बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांत आपला आपण भरतो. फक्त कोरडा ठेवायचा. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा, बाकी काही करायचं नाही. ह्यात तेल कुणी घातलं?"

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं.

"म्याच," अण्णा म्हणाला. "आमच्यात सवय असती तशी."

डॉक्टर बाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. मी मिटलं तोंड. त्या गोळ्या लिहीत होत्या, फाटलेल्या पडद्याला चालतील असे थेंब निवडून लिहीत होत्या, काय करायचं नाही ते सांगत होत्या आणि मी शहाण्या बहिणीसारखी सगळं टिपून घेत होते. घरी गेल्यावर वैनीलाही अण्णानं तेच सांगितलं.

पू थांबायला दोन महिने लागले. पुढं ऑपरेशन करून पडद्याला ठिगळही लावलं, ते टिकलं. ऐकू मात्र परत आलं नाही. डावा कान जवळजवळ गेला. आतल्या नसेला मार बसलाय, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. तो बुडी मारतानाच बसला की नंतर पू झाल्यामुळे, ते आता सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. त्या एका वाक्याला मी पाच वर्षं धरून आहे. बुडी मारतानाच बसला असेल, असं मी स्वतःला सांगते आणि चार दिवस बरे जातात. मग कुठंतरी लसूण करपल्याचा वास येतो.

एक कान गेला म्हणजे अर्धं ऐकू येतं असं मला वाटायचं. तसं नसतं. ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. दिशा ठरवायला दोन कान लागतात, हे मला अण्णाकडे बघून कळलं. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो पुन्हा विहिरीवर बसू लागला, बुडी नाही, नुसतं पोरांवर लक्ष. एक दिवस आठ-दहा पोरं पाण्यात होती. शेजारच्या रानातली राधी, सात वर्षांची, डबा सैल होऊन बुडायला लागली आणि तिनं "अण्णा" म्हणून हाक मारली. अण्णानं ती ऐकली. ऐकली आणि उलट्या बाजूला उडी टाकली. पाण्यात उभा राहून तो भिंतीकडे बघत होता आणि राधी त्याच्या पाठीमागे बुडत होती. तिच्या चुलत बहिणीनं तिला केसाला धरून वर काढलं. थोडं पाणी ओकली, रडली, संध्याकाळी पुन्हा अंगणात खेळली. कुणी अण्णाला काही बोललं नाही. त्यानं विहिरीतून वर येऊन सदरा घातला, डबे गोळा करून ज्याच्या त्याच्या घरी पोचते केले आणि त्यानंतर आजवर तो त्या पायऱ्या उतरलेला नाही.

आता आमच्या विहिरीवर पोरं येत नाहीत. पाणी तेवढंच आहे. मी गेले की काठावर जाऊन उभी राहते. हिरवं, निपचित पाणी, वर लिंबाची पानं पडलेली. एके काळी इथून बाजारपेठेसारखा गलका रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. गार्गीला मी तलावात घालते, कारण तिला पोहता यावं असं मला वाटतं आणि तिला शिकवणारा माणूस मी घालवून बसलेय. ती अण्णाला विचारते, मामा, चल ना विहिरीत. तो म्हणतो, माजे गुडघे दुखत्यात.

कधी कधी वाटतं, कान कोरडा ठेवा, बाकी काही करू नका, हे आम्हाला कधीच जमलं नसतं. दुखणाऱ्या माणसाजवळ नुसतं बसून राहणं आमच्या मायेत बसत नाही. काहीतरी तापवायचं, काहीतरी चोळायचं, काहीतरी ओतायचं. हात रिकामा राहिला की जीव थोडा होतो. मी तर शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली. शिकलेपण उंबऱ्याच्या बाहेर काढून ठेवायची मला सवय होती, माहेरी जाताना तर हटकून. माझ्या हातानं माझ्या भावाचा कान गेला असेल, हे वाक्य मी आज इथं पहिल्यांदा लिहितेय.

आणि पाच वर्षं ह्याचा मार खातोय अण्णा. मी उन्हाळ्यात माहेरी गेले की एकदा तरी हे घडतंच. अण्णाला हाक ऐकू येत नाही, भलतीकडं बघतो, आणि वैनी म्हणते, "ऐकू कुटनं येनार? सोताच्या हातानं तेल वतून घेतलं न्हवं कानात." कधी पाहुण्यांसमोर, कधी जेवताना. अण्णा ताटातली भाकरी मोडत राहतो. मी वरण वाढून घेते, नको असलं तरी वाढून घेते. एकदा मी त्याला एकटं गाठून म्हटलं होतं, अण्णा, मी वैनीला सांगते. त्यानं उजवा कान माझ्याकडं केला आणि म्हणाला, "काय सांगायचं? झालं गेलं. तुजं माहेर हाय हितं, चार दिस ये, खा-पी, जा." मी ऐकलं त्याचं. ऐकणं सोयीचं होतं.

यंदा, गेल्याच आठवड्यात, गार्गीला घेऊन गेले. दुपारची वेळ, वारा पडलेला. वैनी आणि मी सोप्यात चिंच फोडत बसलो होतो. अण्णा समोर अंगणात लिंबाखाली खाटेवर पडला होता, फोन त्याच्या उशाशी. तो वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय, अण्णा झाडाकडं बघतोय. वैनी उठली, फोन त्याच्या हातात दिला, परत येऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "बगा. उशाशी वाजतंय तरी पत्ता न्हाय. सोताच्याच हातानं केलं, आता कुनाला बोलायचं."

चिंचेचा चिकटा माझ्या बोटांना लागला होता. मी तो पुसला.

"वैनी, तेल अण्णानं न्हाय घातलं. मी घातलं होतं. तुमी बाजाराला गेला होता तवा. नंतर पण दोन दिस."

वैनीचा हात थांबला नाही. तिनं चिंचोका काढला, टोपलीत टाकला, दुसरी चिंच घेतली.

"म्हाईत हाय मला."

"अण्णानं सांगितलं?"

"ते कशाला सांगत्यात? मरंपतुर सांगायचं न्हाईत." तिनं माझ्याकडं पाहिलं. "आडव्या पडलेल्या मानसाला सोताच्या कानात तेल सोडता येतंय व्हय, वन्सं? वरनं कुनीतरी सोडाय लागतं की. मी बाजारात. घरात तुमी. आनि कोन व्हतं?"

पाच वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टर बाईंच्या खोलीत अण्णानं जे खोटं सांगितलं, ते इतकं उघडं होतं आणि त्याच्या आडोशाला मी इतकी निवांत बसले होते. माझे डोळे भरून आले. वैनीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"मग दर वरसाला त्याला का बोलता? माझ्यासमोर?"

"तुमाला कसं बोलू? तुमी माहेराला आलेल्या. जाताना तुमची वटी भरायची का तुमाला तोंड करायचं?"

लेकी बोले, सुने लागे. ही म्हण मी दर वर्षी आठवीला शिकवते, उदाहरणं देऊन शिकवते. समोर चिंच फोडत बसलेल्या बाईनं ती पाच वर्षं माझ्यावर चालवली होती आणि मी वाढलेलं वरण खात बसले होते. अंगणात अण्णा फोनवर कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता की आता बुडी मारत न्हाय, दुसरं कुनी बगा.

"मग आता बोला की," मी म्हटलं. "समोर बसलेय. मला बोला."

वैनीनं टोपली माझ्याकडं सरकवली.

"आता आनि काय बोलायचं? पाच उन्हाळं बोलतीयाच की."